घरच्या टॉर्चला टाइप-सी चार्जिंग जोडताय? या चुका टाळा

एका १८६५० लिथियम-आयन सेलवर चालणाऱ्या टॉर्चला चार्जिंग जोडायचं म्हटलं की बहुतेक जण टीपी४०५६ या चार्जिंग चिपचं बोर्ड आणतात. निवड योग्यच आहे, पण बोर्ड सहा पॅडचंच (पॅड म्हणजे तार सोल्डर करायची जागा) घ्या. त्यावर डीडब्ल्यू०१ आणि ८२०५ या दोन जादा चिप असतात. सेल फार उतरला किंवा शॉर्ट झाला की त्याच पुरवठा तोडतात. चार पॅडच्या बोर्डावर हे संरक्षण नसतं.

सेल बी प्लस-बी मायनस या पॅडना जोडा, एलईडी आउट प्लस-आउट मायनसला. एलईडीच्या तारा थेट सेलवर जोडल्या तरी टॉर्च छान चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही. सेल मात्र तळ गाठेपर्यंत उपसला जातो.

धातूच्या बॉडीत हीच चूक लपून होते. ८२०५ ही चिप बी मायनस आणि आउट मायनस यांच्या मधे बसलेली असते. सेलची मायनस स्प्रिंग बॉडीला टेकलेली असते, आणि यूएसबी सॉकेटचं पत्र्याचं कवच बोर्डाच्या ग्राउंडला, म्हणजे आउट मायनसला, जोडलेलं असतं. ते कवच बॉडीला लागलं की दोन्ही मायनस एक झाले आणि संरक्षण संपलं. चार्जिंग होतं, लाल दिवा लागतो, सगळं ठीक वाटतं. म्हणून सॉकेटभोवती कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी) गुंडाळा, भोक अर्धा-एक मिलिमीटर मोठं ठेवा. मग सेल काढून, मल्टिमीटर बीपवर लावून बॉडी आणि आउट मायनस तपासा. बीप आला तर पुन्हा उघडा.

करंटचा हिशेब न करणं ही आणखी एक नेहमीची चूक. बोर्डावर '१२२' लिहिलेला रेझिस्टर १.२ किलोओहमचा असतो, त्यामुळे चार्जिंग १ अँपिअरने होतं. २५०० एमएएचच्या सेलला ते चालतं. ५०० एमएएचच्या छोट्या पाउच सेलला नाही. तिथे ५ किलोओहम लावा, करंट २५० मिलिअँपिअरवर येतो. टीपी४०५६ जादा व्होल्टेज उष्णतेत घालवते: सेल ३.५ व्होल्टवर असताना १ अँपिअरला दीड वॉट. बोर्ड सेलला गरम गोंदाने चिकटवलं तर ती सगळी धग सेलच्या अंगात जाते. मधे मोकळी जागा हवीच, कारण या बोर्डांवर चिपची तापमान पाहणारी पिन सहसा ग्राउंडला बांधलेली असते, म्हणजे सेल तापला तरी चिपला कळत नाही.

चार्जिंग चालू असताना टॉर्च लावली तर बोर्डावरचा लाल दिवा विझतच नाही. करंट ठरलेल्या मर्यादेच्या दहाव्या भागावर आला की चिप थांबते. एलईडी ३०० मिलिअँपिअर खात असेल तर तो क्षण येतच नाही. चार्जिंगवर असताना टॉर्च बंद ठेवणं हा साधा उपाय.

बाकी तक्रारी झटपट सुटतात. नवा सेल जोडल्यावर आउटपुट शून्य दिसलं तर एकदा चार्जर लावा, डीडब्ल्यू०१ जागी होते. जुन्या ए-टू-सी केबलवर चार्ज होतं पण सी-टू-सीवर नाही, तर बोर्डावर सीसी पिनांचे (टाइप-सी चार्जरला जोडणी ओळखू देणाऱ्या दोन पिना) ५.१ किलोओहमचे रेझिस्टर नाहीत; दोन्ही पिनांपासून ग्राउंडला वेगवेगळा लावा, एकच सामाईक नको. पूर्ण उजेडावर टॉर्च विझते, तर एलईडी सुमारे ३ अँपिअरची मर्यादा ओलांडतोय.

सेलवर थेट सोल्डरिंग करू नका. टॅब लावलेला सेल किंवा होल्डर घ्या. सोलर दिव्यांत मिळणारे ३२६५० सेल बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटचे असतात. त्यांची मर्यादा ३.६५ व्होल्ट, आणि हे बोर्ड ४.२ पर्यंत चढवतं. त्यांना हे लावूच नका. दोन सेल सिरीजमध्ये असतील तरीही नाही.

पहिलं चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर करा. चार्जिंग संपून बोर्डावरच्या दिव्याचा रंग बदलल्यावर केबल काढून सेलचं व्होल्टेज मोजा: ४.१५ ते ४.२५च्या मधे हवं. त्याहून जास्त आलं तर ते बोर्ड काढून टाका.