समाजमाध्यमांवर खासगी आणि व्यावसायिक वावर वेगळा कसा ठेवावा

दोन खाती उघडली की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. परंतु ॲपला फोनमधील संपर्कयादी वाचण्याची परवानगी दिलेली असेल, तर तुमचे खासगी खाते सहकाऱ्यांना ‘ओळखीची व्यक्ती’ म्हणून सुचवले जाऊ शकते. म्हणून सर्वप्रथम ही परवानगी काढून घ्यावी, पूर्वी अपलोड झालेले संपर्क सेटिंग्जमधून पुसावेत आणि दोन्ही खात्यांसाठी वेगळा ईमेल व वेगळे छायाचित्र वापरावे. छायाचित्र वेगळे असले की घाईत चुकीच्या खात्यावरून मजकूर टाकला जाण्याचा धोकाही कमी होतो.

फेसबुकच्या नियमांनुसार एका व्यक्तीला एकच वैयक्तिक खाते ठेवता येते. त्यामुळे तेथे व्यवसायासाठी पेज काढावे. लिंक्डइन मुळातच कामासाठी असल्याने तेथे कौटुंबिक मजकूर टाकू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

खरी अडचण वरिष्ठांची फ्रेंड रिक्वेस्ट आल्यावर होते. नाकारणे अवघड वाटते आणि स्वीकारली तर घरातली प्रत्येक गोष्ट कार्यालयात पोहोचते. अशा वेळी ती स्वीकारून त्या व्यक्तीला फेसबुकच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ यादीत ठेवावे. तिला तुमच्या केवळ सार्वजनिक पोस्ट आणि तिला स्वतःला टॅग केलेल्या पोस्ट दिसतात, आणि यादीत ठेवल्याची सूचना तिला जात नाही. तरीही कार्यालयातील कोणालाच खासगी खात्यावर न घेण्याचा एकच नियम सर्वांना लावणे मला अधिक चांगले वाटते, कारण मग एखाद्याला घेतले आणि दुसऱ्याला वगळले, असा रुसवा उरत नाही. जुन्या सार्वजनिक पोस्ट ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ या पर्यायाने एकाच वेळी मित्रांपुरत्या मर्यादित करता येतात.

व्हॉट्सॲपकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कार्यालयाच्या ग्रुपमधील सहकाऱ्यांचे क्रमांक आपण जतन करतो आणि मग स्टेटसवरचे सहलीचे फोटो त्यांनाही दिसू लागतात. स्टेटस आणि प्रोफाइल फोटो या दोन्हींसाठी काही निवडक संपर्क वगळण्याची सोय आहे. तिचा वापर अवश्य करावा. कामानिमित्त अनोळखी लोकांना क्रमांक द्यावा लागत असेल, तर त्यासाठी दुसरे सिमकार्ड घेणे उत्तम.

फेसबुकवर इतरांनी केलेल्या टॅगसाठी ‘टाइमलाइन रिव्ह्यू’ सुरू ठेवावा. त्यामुळे तो मजकूर परवानगीशिवाय तुमच्या प्रोफाइलवर येत नाही, पण टाकणाऱ्याच्या प्रोफाइलवर तो राहतोच. म्हणून जवळच्या मित्रांना आपली मर्यादा आधीच स्पष्ट शब्दांत सांगावी. पोस्टच्या स्क्रीनशॉटला कोणतीही सेटिंग अडवत नाही, हे ध्यानात ठेवून वरिष्ठ, ग्राहक किंवा रुग्ण यांच्याविषयीची तक्रार बंद गटातही लिहू नये.

शेवटी, कोणतेही वैयक्तिक खाते कार्यालयाच्या ईमेलवर उघडलेले नाही ना, हे आजच तपासावे. नोकरी सुटल्यावर तो ईमेल बंद होतो आणि पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येत असल्याने आपले स्वतःचे खातेही हातातून जाऊ शकते.