शहराच्या कडेचं जुनं घर: पाडण्याआधी, दुरुस्तीआधी त्याचं मोल असं नोंदवा

गोव्यात वारसा म्हटला की लोटली-चांदरचे भाटकारांचे (जमीनदारांचे) वाडे आठवतात. पणजीचा मळा, सांतिनेज, मडगावची कोंब इथली बैठी घरं मात्र ‘जुनाट’ ठरतात. मला हे अजिबात पटत नाही. 1843 मध्ये पणजी राजधानी झाली. पुढं नोकरी, वकिली, दुकानदारीसाठी गाव सोडून आलेल्यांनी शहराच्या कडेला घरं बांधली. गावचं कुटुंब शहरात कसं रुजलं, ते या घरांतच वाचता येतं. माझं सासर मळ्यातलं. तिथली नोंद करताना जे उपयोगी पडलं ते सांगते.

सुरुवात रस्त्यावरून करा. घर रस्त्याला चिकटून आहे की पुढं बाग सोडली आहे? शेजारच्या घराशी भिंत सामाईक आहे का? बल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, मूळचा की मागून जोडलेला? शिंपल्यांची तावदानं उरली असतील तर एकेका खिडकीचा जवळून फोटो घ्या.

मग कौलं. एखादं उतरवून पाठ बघा. ‘बासेल मिशन’ आणि 1865 असा ठसा दिसला की लोक घर 1865 चं ठरवून मोकळे होतात. ते साल मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं आहे, तुमच्या घराचं नव्हे. ‘कॉमनवेल्थ’ असा ठसा असेल तर ते कौल पहिल्या महायुद्धानंतरचं, कारण तेव्हा कारखान्याची मालकी बदलली. आणि कौलं बदलतात, भिंती तशाच राहतात, हेही लक्षात ठेवा.

सगळ्यांत जास्त वेळ गणपतीच्या खोलीला द्या. आमच्याकडे तुळयांना लोखंडी कड्या आहेत. चवथीला त्यांत माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट बांधतात, तिला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कांगलं लटकतात. शिडीवर चढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर कडीच्या बुडाखाली तुळईचा जुना हिरवा रंग तसाच होता. म्हणजे घर बांधून, रंगवून झाल्यावर कड्या ठोकल्या. आजेसासूबाई सांगायच्या की पूर्वी सगळे चवथीला डिचोलीकडच्या मूळ घरी जात. गणपती पणजीत आणायचा ठरला तेव्हा या कड्या आल्या. ज्या वर्षी गणपती इथं आला, त्या वर्षापासून हे आमचं मूळ घर झालं! माझ्या लेखी सालीतल्या (दिवाणखान्यातल्या) कोरीव खुर्च्यांपेक्षा या कड्यांचं मोल जास्त आहे. तुमच्या घरातही अशी एखादी खूण असेलच. देवाची खोली, न्हाणी, विहिरीचा रहाट, सगळं नीट बघा, आणि घरातल्या थोरामोठ्यांना त्या वस्तूसमोर उभं करून विचारा. दिवाणखान्यात बसून विचारलं तर काही आठवत नाही.

कागदांसाठी आधी सिटी सर्व्हेचा फॉर्म डी काढा, त्यावर चलता नंबर (जागेचा सर्व्हे क्रमांक) आणि पी. टी. शीट नंबर (नकाशाच्या पानाचा क्रमांक) असतो. त्यामागे जायचं तर पोर्तुगीज काळातलं देस्क्रिसांव (मालमत्तेची नोंदणी) आणि माट्रीज (कराची नोंद) शोधा. वारसांच्या वाटणीची इन्व्हेंटरी (कोर्टातली मालमत्तेची यादी) झाली असेल तर तीही मिळवा, त्यात कधीकधी घराचं वर्णन सापडतं. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्यापासूनच मुलींनाही वाटा आहे, तेव्हा कागदावर लांबच्या आत्या-मावश्यांची नावं निघतात. त्यांच्याकडे जुने फोटो असतात. जरूर भेटा.

शेवटी एका कागदावर घराचा कच्चा नकाशा काढून तीन रंग वापरा: हात लावायचा नाही, दुरुस्त करायचं, बदललं तरी चालेल. संडास, वायरिंग, स्वयंपाकाचा ओटा बिनधास्त तिसऱ्या रंगात टाका, माणसांना तिथं राहायचं आहे. मात्र चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवरचा चुन्याचा गिलावा दुसऱ्या रंगात हवा आणि तो चुन्यानंच दुरुस्त व्हायला हवा. चिरा पावसात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि गिलावा फुगून पडतो.

घर संवर्धन क्षेत्रात येतं का, ते नगरनियोजन कार्यालयात आधीच विचारून घ्या. पणजीतली फोंतेन्हास ही जुनी वस्ती त्यात आहे, पण शेजारच्या गल्लीबद्दल गृहीत धरू नका. नकाशाची एकेक प्रत सगळ्या वाटेकऱ्यांना द्या. कंत्राटदाराला प्रत देऊनच थांबू नका, पहिल्या रंगातल्या वस्तूंवर त्याच्यादेखत खडूनं खूण करा, कारण पाडकामाला येणारे कामगार नकाशा बघत नाहीत.