नवी पिकअप घेतलीय? पहिल्या सहा महिन्यांत या चुका टाळा

रावेर-यावलकडं केळी, जामनेर-पाचोऱ्याकडं कापूस, नंदुरबारकडं मिरची. गाडी सगळीकडं पिकअपच, पण माल वेगळा, आणि पहिली चूक तिथंच होते: शेजाऱ्यानं घेतली म्हणून तीच आपणही घेतो. कापूस फुगीर असतो. हौदा आधी भरतो, वजन मागून येतं. केळी आणि कांद्याचं उलटं. हौदा निम्मा मोकळा दिसतो आणि गाडी मात्र केव्हाच भरलेली असते. म्हणून कापूसवाल्यानं हौद्याची लांबी बघावी, केळीवाल्यानं वजन पेलायची ताकद.

क्रेट मोजताना चुकणारा हिशोब

आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे गाडीची क्षमता, पण तो सगळा मालाला मिळत नाही. समजा फरक 1,500 किलो आहे. पुढं बसलेली दोन माणसं 130 किलो, नंतर बसवलेली लोखंडी चौकट आणि ताडपत्री 80 किलो. उरले 1,290. क्रेटमध्ये 20 किलो माल, पण रिकाम्या क्रेटचे दीड-दोन किलो कोण धरतं? 22 किलोनं भाग दिला की बसतात 58 क्रेट. "पंधराशे भागिले वीस, पंच्याहत्तर" म्हणणारा 17 क्रेट जास्त टाकतो. म्हणजे साडेतीनशे किलोच्या वर.

चौकट बसवून झाली की टाकी फुल करा, रोजची माणसं बसवा आणि गाडी एकदा काट्यावर घाला. तो आकडा एकूण वजनातून वजा करा, उत्तर केबिनमध्ये खडूनं लिहून ठेवा. भरणारा हमाल "टाका अजून दोन" म्हणतो तेव्हा बोट दाखवायला बरं पडतं.

जादा वजनाला मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, वर जास्तीच्या प्रत्येक टनाला 2,000, आणि जादा माल तिथंच उतरवावा लागतो. कागदाचं आणखी एक: एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. एकूण वजन 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. त्यासाठी लायसनवर ट्रान्सपोर्टचा वेगळा शेरा मारून घ्यायच्या मागं लागू नका. मात्र मजूर हौद्यात बसवून नेऊ नका. मालवाहू गाडीच्या विम्यात मागं बसलेल्यांची भरपाई धरलेली नसते.

पाटे वाढवायची घाई

गाडी शोरूममधून निघाली की पुढचा थांबा बहुधा पाटेवाल्याकडं. "मागून बसते" म्हणून मागच्या स्प्रिंगला दोन पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्या, जादा. यातून काय बिघडतं ते फारसं कुणी सांगत नाही.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त तेल-दाब सोडतो. रिकाम्या गाडीत तो दाब कमी ठेवतो, नाहीतर हलकी मागची चाकं लगेच घसरतील. आता पाटे कडक केले की माल भरूनही चासी पुरेशी खाली येत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. मागचे ब्रेक ढिले राहतात, सगळा ताण पुढच्यांवर, आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. पुढचे पॅड फार लवकर संपत असतील तर पॅडच्या कंपनीला दोष देण्याआधी खाली वाकून ही दांडी बघा. पाटे बदललेच असतील तर व्हॉल्व्ह सर्व्हिस सेंटरमधून नव्यानं सेट करून घ्या.

स्टिअरिंग हलकं, तरंगल्यासारखं लागतंय? माल मागच्या एक्सलच्या पलीकडं गेलाय. जड माल केबिनच्या भिंतीला टेकवून रचा, हलका मागं.

पिवळा दिवा आणि युरिया

1 एप्रिल 2020 नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो. ही काजळी जाळायला गाडी तापावी लागते. मळ्यातून सावद्याला केळी व्यापाऱ्याच्या ग्रुपवर चार किलोमीटर जायचं, इंजिन चालू ठेवून माल उतरवायचा, परत यायचं, असंच महिनाभर केलं तर फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तो लागला की बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला गाडी काढा, 60 च्या आसपास एकसारख्या वेगानं 20 मिनिटं चालवा आणि दिवा जाईपर्यंत बंद करू नका. दर वेळी मध्येच बंद केली तर न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. काडीवर ऑईलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर हेच झालंय, ऑईल बदला.

काजळी जळत असताना सायलेन्सर भयंकर तापतो. तेव्हा वाळलेल्या पऱ्हाट्यांवर किंवा गव्हाच्या धसकटांवर गाडी उभी करू नका. पेटते.

ज्या गाडीला डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं युरियाचं पाणी, लागतं तिच्यात ते विकतचंच घाला. त्यात 32.5 टक्के युरिया असतो हे खरं, पण गोणीतला युरिया पाण्यात कालवून ओतायचा नाही. खतातल्या अशुद्ध घटकांनी आणि विहिरीच्या क्षारानं पंप आणि नोझल दोन्ही जातात. कॅन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, मे महिन्यातल्या उन्हात ते लवकर खराब होतं.

ऊन

जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो तेव्हा टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे असतात. दुपारी तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी पडते, कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो.

गाडी गरम होत असेल तर आधी रेडिएटरची जाळी बघा. हंगामात तिच्यावर कापसाची रुई आणि भुसा बसतो. पाणी हळू दाबानं, इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा. जोराच्या फवाऱ्यानं पाती वाकतात. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका, आपल्याकडचं पाणी जड आहे, आतून क्षाराचा थर धरतो. एअर फिल्टर कागदी असतो, धुवायचा नाही. हलक्या हवेनं आतून बाहेर फुंका.

चिखल आणि घाट

पावसाळ्यात रिकामी पिकअप काळ्या मातीत फसते, कारण ओढणारी मागची चाकंच हलकी असतात. चाक फिरवत बसलं की खड्डा खोल होतो. मागच्या एक्सलवर चार-पाच गोण्या ठेवा, दुसऱ्या गिअरवर, अर्धा क्लच न धरता हळू काढा. क्लचचा जळका वास आला की थांबा, दहा मिनिटं जाऊ द्या.

पहिले हजार किलोमीटर पूर्ण लोड टाळा, एकाच वेगानं लांब पळवू नका. सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर चाकांचे नट एकदा आवळून घ्या, नवे नट बसतात तसे ढिले होतात.

कन्नड घाट भरल्या गाडीनं उतरताना ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतात, पेडल खोल जातं, वास येतो. तेव्हा बाजूला घ्या, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास नुसती उभी ठेवा. हँडब्रेक ओढू नका, लाल ड्रमवर पाणी ओतू नका: तडा जातो.