काकांच्या पीसीवर विंडोज ११ टाकलं, एकही फाइल न गमावता

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आमच्या सत्तरीतल्या काकांच्या डेस्कटॉपवर ११ टाकायचं ठरलं. पीसी हेल्थ चेक (मशीनवर ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप) चालवलं तर म्हणे टीपीएम २.० (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही. दुकानदार म्हणाला नवीन मशीनच घ्या, पण प्रोसेसर ११ ला चालणाऱ्यांच्या यादीत होता, मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन बघितलं तर इंटेल पीटीटी, म्हणजे इंटेलचं अंगभूत टीपीएम, नुसतं बंद होतं, ते चालू केलं आणि काम झालं. (एएमडी प्रोसेसरवाल्यांनी त्याच कामाचं एफटीपीएम शोधा. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावायच्या आधी त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडायचा लांबलचक आकडा) कागदावर लिहून ठेवा, नाहीतर चालू होताना तीच मागत बसेल.)

बॅकअप मात्र काकांकडूनच करून घेतला. फोटो, पेन्शनची कागदं, आणि श्रीलिपीत (जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलेली जुनी पत्रं, त्यांचे फॉन्टपण एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतले, कारण फॉन्ट गेला की ती पत्रं नुसती अगम्य चिन्हं दिसतात. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइली उघडून बघितल्या आणि मगच डिस्क काढली.

अपग्रेड सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधूनच केलं, यूपीएस लावून. स्टार्ट बटण मधोमध आलेलं बघून काका वैतागले, ते टास्कबार सेटिंग्जमधून डावीकडे नेलं. नाहीच जमलं तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत १० वर जाता येतं, तोवर डिस्क क्लीनअपमध्ये जुनं विंडोज पुसू नका.