ढोल परदेशी नेताना आधी कार्नेट काढा

परदेशातल्या भगिनी शहराच्या (आपल्या शहराशी मैत्री-करार असलेल्या शहराच्या) उत्सवाचं आमंत्रण आलं की ढोल-ताशा पथकात पहिली चर्चा फेट्यांच्या रंगाची होते. ती नंतर. नाशिकहून निघण्याआधी वाद्यांचं ‘एटीए कार्नेट’, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचं कस्टम्सचं कागदपत्र, काढा. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. कार्नेट मानणाऱ्या देशात त्यावर वाद्यं तात्पुरती नेता येतात, आयातशुल्क भरावं लागत नाही. यादीत ढोल, ताशे, झांजा, सगळं नगावार लिहा; वजन, किंमतही टाका.

खरी गोम शिक्क्यांत आहे. मुंबई विमानतळावर सामान काउंटरवर देण्याआधी कस्टम्सकडून शिक्का घ्या, तिथे उतरल्यावर, परत निघताना आणि मुंबईत आल्यावरही. तिकडून निघतानाचा शिक्का राहिला, तर ढोल तिथेच विकला असं धरून शुल्काची मागणी येऊ शकते. हे काम एकाच धीराच्या माणसाकडे द्या, ताशा वाजवणाऱ्याकडे शक्यतो नको!

ढोलाची चामड्याची पानं (वाजवायचे पडदे) घरीच ठेवा, फायबरची चढवा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये कच्च्या चामड्याची तपासणी कडक असते. टिपरूही (ढोल वाजवायची काठी) साल काढलेलं, कीड नसलेलंच घ्या.