जुन्या बुलेटचा लपाछपी खेळणारा आवाज: शोधायला निघण्याआधीची तयारी

आदल्या संध्याकाळपासून गाडी सुरू करायची नाही, ही या तयारीतली पहिली गोष्ट. कुणी "जरा ऐकव की" म्हणालं तरी किक मारायची नाही. कधी येतो, कधी गायब होतो असा आवाज पकडायचा असेल तर पूर्ण थंड इंजिनाचं पहिलं मिनिट फार मोलाचं असतं, आणि मे महिन्यात सोलापुरात इंजिन खरंच थंड सापडतं ते पहाटेच. साडेपाचला उठायचं ठरवूनच झोपा.

मी लिहितोय ते बिडाच्या इंजिनाच्या जुन्या साडेतीनशे बुलेटबद्दल. ३४६ सीसी, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, उजव्या पायात चार गिअर. आमच्याकडची वडिलांनी घेतलेली, १९७२ची. जुनी येझदी किंवा राजदूत असेल तर टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतल्या फटीचा) भाग सोडून द्या, ती टू-स्ट्रोक आहे. बाकीचं बरंचसं तसंच लागू पडतं.

ही यादी मी का करतो तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी गाडी गरम झाली की आयडलवर खालून जड ठोका यायचा आणि थ्रॉटल दिलं की नाहीसा व्हायचा. फिटरने दोन मिनिटं ऐकलं आणि कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलं म्हणून सांगितलं. इंजिन उतरलं, क्रँक फोडला, नवं बेअरिंग बसलं, पैसे गेले. पंधरा दिवसांत तोच ठोका परत. शेवटी डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनवरचं झाकण) काढलं, तर अल्टरनेटरच्या म्हणजे वीज बनवणाऱ्या भागाच्या रोटरचा नट ढिला आणि रोटरला जागेवर धरणारी छोटी पाचर, म्हणजे 'की', चेपलेली निघाली. क्रँकच्या टोकावर रोटर डुलत होता. संथ चालीत प्रत्येक धडक्यासरशी तो आपटायचा, वेग वाढला की एका बाजूला दबून राहायचा. तासाभरात खोलता येणारं कव्हर सगळ्यात शेवटी उघडलं गेलं. वडिलांच्या हातच्या इंजिनाला विनाकारण हातोडा लागला, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

तर रात्रीच सामान एका जागी काढून ठेवा. वही आणि पेन्सिल, कारण तेलकट हाताने पेन चालत नाही. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), उजेडाची बॅटरी, खडू, लहान लोहचुंबक, साबणाच्या पाण्याची वाटी आणि लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. जुन्या बुलेटला बरेच नट इंची मापाचे असतात. मिमीचा पाना जबरदस्तीने घातला की नटाचे कोपरे जातात, म्हणून त्या मापाचे पाने कुणाकडून तरी मागून ठेवा. गाडीखाली जुनी फिक्या रंगाची चादर अंथरा. आपल्या गावात तिला तोटा नाही, आणि सकाळी तिच्यावर तेलाचे थेंब कुठे पडलेत ते नकाशासारखं दिसतं.

सकाळी किक मारण्याआधी इंजिन सोडून बाकीची गाडी हलवून बघा. इंजिनाचा म्हणून आणलेला आवाज किती वेळा चेनगार्डचा, टूलबॉक्सच्या झाकणाचा, मडगार्डच्या सळईचा किंवा सायलेन्सरच्या क्लॅम्पचा निघतो, हे कुठल्याही जुन्या फिटरला विचारा. मुठीने हलकेच ठोकत जायचं आणि जिथे खळखळलं तिथे खडूची खूण करायची. हेडला (सिलिंडरच्या माथ्याला) फ्रेमशी धरून ठेवणारी पट्टी नक्की बघा. ती ढिली असेल तर ठराविक वेगालाच सगळी गाडी गुणगुणते आणि त्याच्या खाली-वर गप्प बसते. मागची चेन चाक फिरवत चार ठिकाणी दाबून बघा. एकीकडे ताणलेली आणि दुसरीकडे लोंबती असेल तर वहीत नोंदवा.

मग टॅपेट, तेही थंड इंजिनावरच. उजव्या बाजूला सिलिंडरच्या तळाशी असलेलं छोटं झाकण काढायचं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील. पुशरॉड (व्हॉल्व्हकडे जाणारी उभी सळई) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. हे हाताला कळतं, घाई मात्र करायची नाही. आधीच घट्ट असलेला टॅपेट शांत असतो आणि व्हॉल्व्ह जाळतो. जरासा टिकटिकणारा टॅपेट मला त्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. प्लॅटिनम पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचचा) गॅप याच वेळी बघून घ्या, ०.३५ ते ०.४० मिमी. ऑटो अॅडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा सैल झाल्यात का, तेही बोटाने फिरवून सोडून बघा. सोडल्यावर लगेच जागेवर आलं पाहिजे.

एक्झॉस्टचा पाइप हेडमध्ये बसतो तिथे काळी काजळी दिसली तर गॅस बाहेर येतोय. हा आवाज हुबेहूब टॅपेटसारखा असतो, आणि पाइप तापून फुगला की बंद होतो, म्हणून भले भले फसतात. गाडी सुरू केल्याबरोबर, पाइप तापायच्या आत, तिथे साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की समजा.

आता किक मारा आणि बोलू नका. इंजिन थंड असताना पोकळ खटखट येऊन चार-पाच मिनिटांत विरली तर ती बहुधा पिस्टनची, तिच्यासाठी आज काही खोलायचं नाही. गाडी तापली की स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका जागी टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावा: रॉकर कव्हर, सिलिंडरचा तळ, उजवीकडचं टायमिंग कव्हर, डावीकडची प्रायमरी. ही युक्ती मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका म्हाताऱ्या जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याने, शिकवली. शंभर यंत्रमागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा दांडा ढिलाय ते त्यांना उभ्या उभ्या कळायचं. "आवाज ऐकू नको, कुठं जास्त लागतोय ते बघ," एवढंच ते म्हणाले होते. ऐकताना गळ्यातला गमछा काढून ठेवा आणि दंड पाइपपासून लांब ठेवा.

उभ्या गाडीवर न्यूट्रलमध्ये क्लच दाबून बघा. आवाज बदलला किंवा थांबला तर संशय क्लच आणि गिअरबॉक्सकडे जातो. प्रायमरी चेन तपासणीच्या झाकणातून बघता येते. साधारण ६ मिमी झोल हवा, आणि तो इंजिन फिरवून सगळ्यात ताणलेल्या जागी मोजायचा.

यानंतर रस्ता. मी तुळजापूरचाच धरतो. जायला ४५ किलोमीटरच्या आसपास, तामलवाडीपर्यंत एका चालीत जाता येतं आणि शेवटी घाट असल्यामुळे इंजिनाला खरोखर ओझं पडतं. गावात सात रस्त्याला चार फेऱ्या मारून ओझ्याखालचा आवाज सापडत नाही. सपाटीवर वेगात असताना एकदा क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्या. आवाज तसाच चालू राहिला तर तो चाकाचा, चेनचा किंवा ब्रेकचा आहे, इंजिन निर्दोष. घाटात टॉप गिअरमध्ये ओढताना बरणीत खडे हलवल्यासारखं टणटणलं तर टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय, किंवा हेडमध्ये कार्बन साठलाय. लगेच गिअर खाली घ्या. थ्रॉटल सोडल्यावर खालून जड ठोका आला, आणि तेल गरम होऊन पातळ झाल्यावर तो वाढत गेला, तर मात्र कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय खरा धरायचा. प्रत्येक वेळी थांबून वहीत लिहा: किती किलोमीटरवर, कुठल्या गिअरला, ओढताना की सोडताना. घरी येऊन आठवून लिहिलेलं निम्मं चुकतं.

परत आल्यावर तेलाची पातळी लगेच बघा. रात्रभर उभ्या गाडीत तेल क्रँककेसमध्ये उतरून बसतं, त्यामुळे सकाळची पातळी फसवते. मग तेल गरम असतानाच पांढऱ्या कपड्यातून गाळा. बारीक करडी चमक जुन्या इंजिनात असतेच. चुंबकाला चिकटणारे पापुद्रे पोलादाचे, ते काळजीचे. न चिकटणारी पिवळी भुकटी असेल तर कुठलं तरी पितळी बुश झिजतंय. कपडा घडी करून पिशवीत ठेवा, फिटरला तो दाखवायचाय.

फिटरकडे जाताना निदान घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. आणि आधी डावं कव्हर उघडा, रोटरचा नट हाताने हलवून बघा, मगच इंजिन उतरवायची गोष्ट काढा, एवढं हात जोडून सांगा.

एक राहिलं. घाटात तो जड ठोका वाढला तर जिथे असाल तिथेच गाडी बंद करायची, "हळूहळू नेऊ" म्हणायचं नाही. त्यासाठी ओळखीच्या छोटा हत्तीवाल्याचा नंबर आणि गाडी बांधायला दोर आदल्या रात्रीच पिशवीत टाकून ठेवा.