आयकॉन सारखे गायब होतात?

जुन्या कीपॅडच्या सवयीने आजी-आजोबा आयकॉनवर बोट दाबूनच ठेवतात. मग व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं सोडून आयकॉनच सरकतो, कधी स्क्रीनवरून उडतो, आणि ‘फोन बिघडला’ म्हणून हाक येते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे ‘टच अँड होल्ड डिले’ (किती वेळ दाबल्यावर फोन ‘दाबून धरलं’ असं समजतो, ती वेळ) वाढवून ‘लाँग’ करा. कंपनीगणिक जागा बदलते, त्यामुळे सापडेना तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये शोधा. उडालेलं अ‍ॅप बहुधा फोनमध्येच असतं: होम स्क्रीनवर बोट खालून वर सरकवा, यादीतला आयकॉन दाबून धरून बाहेर ओढा. बोटं फार कोरडी असली तरी स्क्रीन दाद देत नाही. थोडं क्रीम चोळलं की भागतं. आणि फोन त्यांच्याच हातात राहू द्या. आपण भराभर करून दिलं की त्यांच्या लक्षात काही राहत नाही.